केंद्रक दुप्पट होताना: कांद्याच्या मूलाग्रावरील प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

प्रकल्पाचा प्रश्न आज एका वाक्यात आला: कांद्याच्या मूलाग्रातली पेशी एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंत जो वेळ घेते, त्यातला किती वेळ डीएनएची प्रत काढण्यात जातो?

नेहमीच्या स्लाइडवर याचे उत्तर मिळत नाही. ऑर्सीन किंवा कार्माइनने रंगवलेल्या मूलाग्रात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ओळखता येतात आणि त्यांच्या आकृत्या वहीत उतरतात. उरलेल्या पेशी, म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ, 'इंटरफेज' या एकाच रकान्यात जातात. प्रत्यक्षात त्या रकान्यात तीन वेगळ्या परिस्थिती आहेत. जी-१ मध्ये प्रत काढायला सुरुवात झालेली नसते, एस मध्ये काम चालू असते आणि जी-२ मध्ये ते पुरे होऊन पेशी विभाजनाची तयारी करत असते. तिन्ही केंद्रके गोल, दाणेदार आणि ऑर्सीनमध्ये हुबेहूब सारखी. पेशीच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम नेमके त्या दुर्लक्षित रकान्यात घडते, म्हणून मला तोच रकाना उघडून पाहायचा आहे.

साहित्य म्हणून कांदाच का, हे प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारले. गुणसूत्रे सोळाच आणि चांगली मोठी, हे एक कारण. खरे कारण डीएनएचे प्रमाण. कांद्याच्या एका गुणसूत्र-संचात सुमारे १६ अब्ज बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आहेत, माणसाच्या पाचपट. रंगाच्या तीव्रतेवरून डीएनए मोजायचा तर मुळात रंग भरपूर चढायला हवा, आणि तो कांद्यात चढतो.

७ ऑगस्ट

कांदे पाण्यावर ठेवले, २५ अंश सेल्सिअस. तापमान पूर्ण प्रकल्पभर हेच राहील. थंडीत हेच चक्र कितीतरी लांबते, त्यामुळे तापमान लिहिल्याशिवाय पेशीचक्राचा कोणताही तास-मिनिटांचा आकडा निरर्थक आहे.

९ ऑगस्ट

मुळे अजून आखूड आहेत. आजचा दिवस वाचनाचा.

पेशीचक्राच्या चार अवस्था वनस्पतीच्या मुळातच पहिल्यांदा सापडल्या, हे आपल्याकडे शिकवताना फारसे सांगितले जात नाही. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५१ आणि १९५३ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. त्यांचे साहित्य विसिया फाबा या शेंगवर्गीय वनस्पतीचे मूलाग्र. त्यांनी मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस-३२ दिला आणि पेशींवर फोटोग्राफिक फिल्म ठेवून कोणत्या केंद्रकांच्या डीएनएत तो फॉस्फरस शिरला ते पाहिले.

तोपर्यंत अनेकांचा समज असा होता की डीएनए विभाजनाच्या आसपास, गुणसूत्रे दिसू लागतात तेव्हाच तयार होत असावा. फिल्मवर वेगळेच उमटले. विभाजनात असलेल्या पेशी लगेच चिन्हांकित मिळाल्या नाहीत. चिन्हांकित गुणसूत्रे दिसायला बरेच तास जावे लागले. म्हणजे डीएनए तयार होणे आणि पेशी विभागणे यांत मध्ये एक रिकामा काळ होता, आणि विभाजन संपल्यावर पुन्हा डीएनए तयार होऊ लागण्याआधी दुसरा. या दोन रिकाम्या काळांना जी-१ आणि जी-२ ही नावे मिळाली. जी म्हणजे 'गॅप'. त्यांच्या हिशेबात पूर्ण चक्र सुमारे ३० तासांचे होते, त्यात एस अवस्था सुमारे ६ तास आणि जी-२ सुमारे ८ तास.

मला या प्रयोगातली वाट पाहण्याची पद्धत फार भावते. जी-२ डोळ्यांनी दिसत नाही. पण खूण केलेली पेशी विभाजनात केव्हा पोचते हे पाहिले की जी-२ ची लांबी आपोआप मोजली जाते. आपल्याला शेवटी हेच करायचे आहे, फक्त किरणोत्साराशिवाय.

१२ ऑगस्ट

मुळे दोन सेंटिमीटरच्या आसपास. सकाळी पहिली तुकडी कापली आणि इथेनॉल तीन भाग, ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल एक भाग या मिश्रणात टाकली, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत स्थिर होतात. मिश्रण त्याच क्षणी तयार केलेले हवे, ठेवलेले चालत नाही.

टोकाचे फक्त दीड-दोन मिलिमीटरच कामाचे, आणि त्यातही मूलटोपी वगळायची. त्याच्या मागच्या पेशी लांब होत जातात, विभागत नाहीत. त्या मोजणीत घेतल्या तर जी-१ चा आकडा उगाच फुगेल. विभाजी, म्हणजे विभागत राहणाऱ्या पेशींच्या, ऊतीच्या आतही सगळ्या पेशी एका लयीत नसतात. अगदी टोकाजवळ एक संथ केंद्र असते, जिथल्या पेशी फार क्वचित विभागतात. फ्रेडरिक क्लोज यांनी १९५० च्या दशकात ते दाखवले. मक्याच्या मुळात तिथल्या पेशींचे एक चक्र आठवडाभर चालू शकते, तर शेजारच्या पेशी त्याच वेळात अनेकदा विभागून मोकळ्या होतात. आमच्या सरासरीत हे केंद्र मिसळणार, पण त्यातल्या पेशींची संख्या इतकी थोडी आहे की निष्कर्षाला धक्का लागणार नाही.

१४ ऑगस्ट

फॉयल्गेन रंजन. रॉबर्ट फॉयल्गेन यांची ही पद्धत १९२४ ची, आणि शंभर वर्षांनंतरही मला ती रसायनशास्त्रातली सर्वात देखणी युक्ती वाटते. आधी मूलाग्रे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायची. आम्ल डीएनएच्या साखळीवरून अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन हे बेस तोडून काढते. त्या जागी शर्करेचे अल्डिहाइड टोक उघडे पडते. रंगहीन शिफ अभिक्रियाकाचा त्या अल्डिहाइडशी संयोग झाला की गडद किरमिजी रंग येतो. आरएनए या आम्लात असा उघडा पडत नाही, म्हणून रंग फक्त डीएनएला. शिवाय जितका डीएनए तितका रंग. आमच्या प्रकल्पाचा पाया या शेवटच्या गुणधर्मावर उभा आहे.

आम्लाच्या पायरीवर मॅडमशी चर्चा झाली. पुस्तकी कृती १ नॉर्मल तीव्रतेचे आम्ल, ६० अंश, आठ-दहा मिनिटे अशी आहे. तिथे एखाद-दोन मिनिटांचा फरकही रंगात दिसतो, कारण वेळ कमी पडला तर अल्डिहाइड पुरेसे उघडत नाही आणि जास्त झाला तर डीएनएच वाहून जातो. मॅडम म्हणाल्या, "नुसते पाहायचे असेल तर गरम आम्ल ठीक आहे. मोजायचे असेल तर घाई नको. ५ नॉर्मल घ्या आणि खोलीच्या तापमानाला तासभर ठेवा. तिथे रंगाची पातळी बराच वेळ स्थिर राहते." तसेच केले. सगळ्या तुकड्या एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या शिफमध्ये रंगवायच्या, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले.

१५ ऑगस्ट

स्लाइडवर किरमिजी केंद्रके, बाकी सगळे पारदर्शक. पेशीद्रव्य जणू नाहीच.

आज निव्वळ विभाजनाच्या अवस्था पाहण्यात दुपार गेली. प्राण्यांच्या पेशीत तारककेंद्रे तर्कूची (गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंच्या रचनेची) दोन टोके ठरवतात. वरच्या दर्जाच्या वनस्पतींच्या पेशीत ती नसतात, तरी तर्कू बरोबर तयार होतो. पेशी कुठून दुभंगणार हे तर त्याहून आधी ठरते. जी-२ मध्ये पेशीपटलाच्या आतल्या बाजूने सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा केंद्रकाभोवती कड्यासारखा बसतो. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी १९६६ मध्ये गव्हाच्या पेशींत तो दाखवला. मध्यावस्थेपर्यंत हा पट्टा विरूनही जातो, पण अंत्यावस्थेत फ्रॅग्मोप्लास्ट या सूक्ष्मनलिकांच्या रचनेतून वाढत जाणारी पेशीपट्टिका, म्हणजे नवी भिंत, बरोबर त्याच रेषेवर जाऊन जुन्या भित्तिकेला मिळते. भित्तिकेने जखडलेली वनस्पतीची पेशी पुढे जागा बदलू शकत नाही, म्हणून भिंत कुठे उभी राहणार याचा निर्णय विभाजनाआधीच व्हावा लागतो. फॉयल्गेनमध्ये यातले काहीच दिसत नाही, सूक्ष्मनलिकांना वेगळे रंजन लागते. पण पेशीपट्टिकेची जागा, दोन किरमिजी गोळ्यांमधली स्वच्छ फट, नीट दिसते.

१९ ऑगस्ट

मोजमापाची पद्धत ठरली.

शिफचा रंग सुमारे ५६० नॅनोमीटरजवळच्या प्रकाशाचे सर्वाधिक शोषण करतो. म्हणून सूक्ष्मदर्शकात हिरवा फिल्टर, कॅमेरा एकरंगी, आणि प्रकाश व एक्स्पोजर कायम. फोटोतल्या प्रत्येक बिंदूची उजळता रिकाम्या जागेच्या उजळतेशी ताडून तिचा लॉगॅरिदम घ्यायचा. ही त्या बिंदूची प्रकाशीय घनता. केंद्रकाच्या कडेच्या आतल्या सगळ्या बिंदूंची घनता बेरजेत घेतली की त्या केंद्रकातल्या डीएनएचे सापेक्ष माप मिळते. केंद्रक दाबून पसरले असले तरी फरक पडत नाही, कारण क्षेत्रफळ वाढते तेव्हा घनता त्याच प्रमाणात उतरते.

पट्टी कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. उत्तर त्याच स्लाइडवर होते. अंत्यावस्थेतली कन्या-केंद्रके नुकतीच वेगळी झालेली असतात, म्हणून त्यांत डीएनए नक्की २सी. पूर्वावस्थेतल्या केंद्रकात प्रत पूर्ण झालेली असते, म्हणून नक्की ४सी. सी म्हणजे एका गुणसूत्र-संचातला डीएनए. प्रत्येक स्लाइडवर आधी अंत्यावस्था आणि पूर्वावस्था मोजायच्या आणि मग इंटरफेजची केंद्रके या दोन खुणांच्या मधे कुठे बसतात ते पाहायचे. पूर्वावस्थेचे माप अंत्यावस्थेच्या बरोबर दुप्पट येत नसेल तर ती स्लाइड बाद.

२१ ऑगस्ट

मोजणी सुरू. डोळे थकतात, म्हणून थोडे वाचन, थोडे गणित.

कांद्याच्या जी-१ केंद्रकात २सी, म्हणजे सुमारे ३२ अब्ज बेसजोड्या. प्रत्येक जोडीमागे ०.३४ नॅनोमीटर धरले तर हा धागा जवळजवळ ११ मीटर लांब भरतो, आणि तो पंधरा-वीस मायक्रोमीटरच्या केंद्रकात आहे. एस अवस्था संपेल तेव्हा त्याच केंद्रकात २२ मीटर असतील.

आता वेग. जिवाणूत फोर्क, म्हणजे डीएनएची सूत्रे उलगडून प्रत निघत असते ती जागा, सेकंदाला हजारभर बेस पुढे सरकतो. दृश्यकेंद्रकी, म्हणजे स्पष्ट केंद्रक असलेल्या, पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो आणि फोर्क बराच हळू चालतो. हिशेबासाठी सेकंदाला ५० धरू. कांद्याचे सरासरी गुणसूत्र २०० कोटी बेसजोड्यांचे. प्रत एकाच आरंभस्थानापासून दोन्ही दिशांना सुरू झाली तर सेकंदाला १००, म्हणजे पूर्ण व्हायला २ कोटी सेकंद, सुमारे २३० दिवस. मूळ मात्र एका दिवसात आपल्या पेशी दुप्पट करते.

म्हणजे आरंभस्थाने असंख्य असली पाहिजेत. दहा तासांत एक फोर्क १८ लाख बेस पार करतो, दोन्ही दिशा मिळून ३६ लाख. या हिशेबाने प्रत्येक गुणसूत्राला किमान साडेपाचशे आरंभस्थाने लागतील, तीही सगळी पहिल्या मिनिटाला सुरू होऊन शेवटपर्यंत चालली तर. तसे होत नाही. आरंभस्थाने गटागटाने, वेगवेगळ्या वेळी जागी होतात. जॅक व्हान्ट हॉफ यांनी डीएनए-तंतूंच्या ऑटोरेडिओग्राफीतून (किरणोत्सारी खूण फिल्मवर उमटवण्याच्या पद्धतीतून) वनस्पतींतली दोन आरंभस्थानांमधली अंतरे मोजली, ती काही दहा हजार बेसजोड्यांच्या घरात येतात. म्हणजे कांद्याच्या एका गुणसूत्रावर अशी हजारो ठिकाणे.

रात्री हे आकडे पुन्हा एकदा तपासले. ते बरोबर आहेत.

२२ ऑगस्ट

हजारो आरंभस्थाने म्हटली की लगेच धोका दिसतो. त्यातले एखादे एका चक्रात दोनदा सुरू झाले तर? तेवढा तुकडा तीन-चार प्रतींत तयार होईल आणि गुणसूत्र बिघडेल. हे टाळण्याची व्यवस्था मला पूर्ण चक्रातला सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि जी-१ ला 'गॅप' म्हणणे किती अपुरे आहे हेही तिथेच कळते.

जी-१ मध्ये ओआरसी हा प्रथिनसमूह आरंभस्थानावर बसलेला असतो. सीडीसी६ आणि सीडीटी१ या प्रथिनांच्या मदतीने तो एमसीएम २ ते ७ या सहा प्रथिनांचे कडे डीएनएभोवती चढवतो. एकेका ठिकाणी अशी दोन कडी, तोंडाला तोंड. हा प्रत काढण्याचा परवाना. कडी चढली तरी ती अजून थंड असतात. एस अवस्था सुरू होते तेव्हा सायक्लीन आणि सीडीके या चक्र पुढे नेणाऱ्या प्रथिनांची क्रिया वाढते, सीडीसी४५ आणि जीआयएनएस ही आणखी प्रथिने येऊन कड्यांना जोडले जातात आणि त्यांचे हेलिकेज, म्हणजे डीएनएची दोन सूत्रे उलगडणारे यंत्र, तयार होते. ज्या सीडीकेने जुने परवाने वापरात आणले, त्याच्याच क्रियेमुळे नवे परवाने देणे बंद होते. विभाजन संपून सीडीके ओसरेपर्यंत नवे कडे कुठेही चढत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा एका चक्रात एकदाच.

वनस्पतीत एस अवस्थेचे दार उघडणारी साखळी वाचताना एक गोष्ट जाणवली: तिथे पेशीचा परिसराशी थेट संबंध येतो. सायक्लीन-डी गटातली प्रथिने सायटोकायनीन हे संप्रेरक आणि शर्करा मिळाली की वाढतात. ती सीडीकेए या सीडीके-प्रकाराबरोबर मिळून आरबीआर या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. आरबीआर तोवर जनुके चालू करणाऱ्या ई२एफ ला अडवून बसलेले असते. ई२एफ सुटले की प्रत काढायला लागणारी जनुके चालू होतात. अन्न आणि संप्रेरक दोन्ही असतील तरच पेशी प्रत काढायला घेते. पुढे जी-२ मधून विभाजनात जायला सीडीकेबी लागते, आणि हा गट फक्त वनस्पतींकडे आहे, प्राण्यांकडे नाही.

२६ ऑगस्ट

पहिला आलेख तयार. आडव्या अक्षावर डीएनए, उभ्या अक्षावर केंद्रकांची संख्या.

२सी वर शिखर, ४सी वर शिखर, आणि मधला भाग रिकामा तर नाहीच, चांगला भरलेला आहे. प्राण्यांच्या वाढत्या पेशींचे आलेख पाहिलेल्या सहकाऱ्याला तिथे दरी अपेक्षित होती. "हे काय, शिखरे उठूनच दिसत नाहीत," तो म्हणाला. मला मात्र याच गोष्टीचा आनंद झाला. मधले प्रत्येक केंद्रक म्हणजे प्रत काढण्याच्या कामात असतानाच स्थिर झालेली पेशी. कुणी अडीच सी वर, कुणी तीन, कुणी साडेतीन. ऑर्सीनच्या स्लाइडवर ही सगळी एकच होती.

सहकाऱ्याने विचारले की मापातल्या चुकांमुळेच मधला भाग भरला नसेल कशावरून. रास्त शंका. उत्तर पूर्वावस्था आणि अंत्यावस्थेच्या मापांत आहे: त्यांचा फैलाव अरुंद आहे, शिखरांच्या पायथ्याशी संपतो. मापाची चूक तेवढीच धरली तर मधली केंद्रके चुकीने तिथे येऊ शकत नाहीत.

२८ ऑगस्ट

मोजलेल्या टक्केवारीचे तासांत रूपांतर करण्यापूर्वी एक दुरुस्ती आवश्यक आहे, आणि ती बऱ्याच प्रात्यक्षिक-वह्यांत नसते.

सर्वसाधारण कृती अशी: दहा टक्के पेशी विभाजनात दिसल्या तर विभाजनाला चक्राच्या दहा टक्के वेळ लागतो. हे तेव्हाच खरे, जेव्हा चक्राच्या प्रत्येक टप्प्यावर सारख्या पेशी असतील. वाढत्या ऊतीत तसे नसते. विभागलेल्या प्रत्येक पेशीच्या दोन होतात, त्यामुळे चक्राच्या सुरुवातीला असलेल्या कोवळ्या पेशी शेवटाला पोचलेल्या पेशींच्या दुप्पट असतात. शेवटचे टप्पे गर्दीत दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षात लांब असतात. विभाजन चक्राच्या शेवटी येते, म्हणून त्याचा वेळ काढताना एकात विभाजन-निर्देशांक (विभाजनात दिसलेल्या पेशींचा वाटा) मिळवून त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा, दोनच्या लॉगॅरिदमने भागायचा आणि चक्राच्या कालावधीने गुणायचा. उदाहरणादाखल चक्र १८ तास आणि निर्देशांक दहा टक्के धरला तर साध्या कृतीने १.८ तास येतात. दुरुस्तीनंतर जवळजवळ अडीच तास.

जी-१ बाबत उलटे होते: संख्या फसवून त्याला लांब दाखवते. सगळ्या अवस्थांना ही दुरुस्ती लावून तक्ता पुन्हा केला.

२ सप्टेंबर

चक्राची एकूण लांबी कोल्चिसीनने काढायची. कोल्चिसीन ट्यूब्युलीनला चिकटते, सूक्ष्मनलिका बनत नाहीत, तर्कू उभा राहत नाही. पेशी मध्यावस्थेसारख्या स्थितीत अडकतात. अडकलेल्या पेशी कोणत्या वेगाने साठतात हे दर तासाला मोजले की पेशी किती वेळात दुप्पट होतात ते कळते. जहाल विष आहे. हातमोजे, वेगळी भांडी, वेगळा कचरा.

कांद्याच्या मुळावर कोल्चिसीनचा परिणाम आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये वर्णिला. हेच लेव्हान पुढे जो हिन टिजो यांच्याबरोबर १९५६ मध्ये माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे सिद्ध करणारे. दोघेही मुळात वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केलेले. मुळे चिरडून पाहताना बसलेली नजर माणसाच्या पेशीला उपयोगी पडली.

सलग मोजणी करायची असल्याने आम्ही आळीपाळीने थांबलो. साठ्याची रेषा सुरुवातीचे काही तास सरळ चढते, नंतर वाकते, कारण अडकलेली काही केंद्रके विभाजन न होताच पुन्हा गोल होतात आणि सोळाऐवजी बत्तीस गुणसूत्रांची बनतात. मोजणीसाठी फक्त सरळ भाग घेतला.

५ सप्टेंबर

कोल्चिसीनचा विषय निघालाच आहे तर टेलर यांचा १९५७ चा प्रयोग लिहून ठेवतो. माझ्या मते वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असावा.

हर्बर्ट टेलर, फिलिप वुड्स आणि वॉल्टर ह्यूज यांनी विसिया फाबाची मुळे ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेल्या थायमिडीनमध्ये ठेवली. थायमिडीन फक्त डीएनएत जाते आणि ट्रिशियमचे किरण इतके कमी अंतर जातात की फिल्मवरचे ठिपके नेमके त्याच गुणसूत्रावर पडतात. मग मुळे धुऊन, किरणोत्सारी थायमिडीन नसलेल्या कोल्चिसीनच्या द्रावणात ठेवली. विसियाची गुणसूत्रे बारा. कोल्चिसीनमुळे पेशी दुभंगत नाही, त्यामुळे केंद्रकात बारा गुणसूत्रे असतील तर खूण लागल्यावर एकदाच प्रत निघाली, आणि चोवीस असतील तर दोनदा. घड्याळ केंद्रकातच होते.

बारावाल्या पेशींत प्रत्येक गुणसूत्राची दोन्ही अर्धगुणसूत्रे, म्हणजे प्रत निघाल्यावरचे दोन जुळे भाग, चिन्हांकित होती. चोवीसवाल्यांत प्रत्येक जोडीतले एक चिन्हांकित, दुसरे कोरे. जुना अर्धा भाग पूर्ण टिकतो आणि त्याच्यासमोर नवा अर्धा बनतो, निमसंरक्षी पद्धत. मेसेल्सन आणि स्टाल यांचा जिवाणूंवरचा जड नायट्रोजनचा प्रसिद्ध प्रयोग त्यानंतर वर्षभराने, १९५८ मध्ये आला. रेणूच्या पातळीवर निर्णायक पुरावा त्यांचाच, कारण एका अर्धगुणसूत्रात एकच डीएनए रेणू असतो हे १९५७ मध्ये ठरलेले नव्हते. पण गुणसूत्राच्या पातळीवर ही गोष्ट प्रथम डोळ्यांना दिसली ती मुळाच्या टोकात.

९ सप्टेंबर

ईडीयू आले. थायमिडीनसारखाच रेणू, पण त्यावर एक छोटी अल्काइन शेपटी. पेशी ते थायमिडीन समजून नव्या डीएनएत बसवते. नंतर तांब्याच्या उत्प्रेरणाने त्या शेपटीला चमकणारा रंग जोडता येतो. मुळे अर्धा तास ईडीयूत, मग धुऊन साध्या थायमिडीनमध्ये. अर्ध्या तासात जे केंद्रक एस मध्ये होते तेच चमकणार.

चमकलेली केंद्रके दोन तऱ्हांची दिसली. काहींत बारीक चमक सर्वत्र पसरलेली, काहींत मोजकेच ठळक ठिपके. पहिली एस च्या सुरुवातीची आणि मध्याची, दुसरी शेवटाची. उघडा, जनुकसमृद्ध डीएनए आधी प्रतीत जातो. घट्ट बांधलेले हेटरोक्रोमॅटिन मागे राहते. कांद्यात ते बहुतांशी गुणसूत्रांच्या टोकांशी असते. त्या टोकांवरची पुनरावृत्तीही निराळी आहे: बहुतेक वनस्पतींत टेलोमिअरचा, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा, पुन्हा पुन्हा येणारा शब्द सात अक्षरांचा, कांद्याच्या अ‍ॅलियम प्रजातीत तो बारा अक्षरांचा. तो सापडायला २०१६ उजाडावे लागले.

एकेका फोर्कवर या अर्ध्या तासात काय झाले असेल याचा अंदाज घेतला. प्रत काढणारे विकर, डीएनए पॉलिमरेज, फक्त एकाच दिशेने साखळी वाढवते. त्यामुळे उलगडणाऱ्या दोन सूत्रांपैकी एकाची प्रत सलग निघते, तर दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांत, उलट दिशेने. हे ओकाझाकी तुकडे. दृश्यकेंद्रकी पेशीत एकेक तुकडा शे-दोनशे न्यूक्लिओटाइडचा. प्रत्येकाची सुरुवात पॉलिमरेज-अल्फा आरएनएच्या छोट्या तुकड्याने करून देते, पुढचे काम पॉलिमरेज-डेल्टा करते, आरएनए कापून काढला जातो आणि लायगेज सांधा बुजवते. सलग सूत्राचे काम पॉलिमरेज-एप्सिलॉनकडे. कांद्याच्या एका केंद्रकाची पूर्ण प्रत निघताना ३२ अब्ज न्यूक्लिओटाइड या तुकड्यांच्या वाटेने बसतात. सरासरी दीडशेचा तुकडा धरला तर वीस कोटींहून जास्त तुकडे, आणि तेवढेच सांधे. एकही उघडा राहून चालत नाही. शिवाय मागोमाग हिस्टोन बसवायचे असतात. ते काम करणारा सीएएफ-१ संच बिघडलेल्या अराबिडॉप्सिस या छोट्या प्रयोगवनस्पतीमध्ये मूळ आणि प्ररोह दोन्हींच्या विभाजी ऊतींची घडी विस्कटते.

१० सप्टेंबर

ईडीयू दिल्यानंतर दर तासाला मुळे स्थिर केली. आता विभाजनातल्या किती पेशी चमकतात ते पाहायचे. पहिल्या तुकड्यांत विभाजने भरपूर, पण सगळी कोरी. त्या पेशी खूण देताना जी-२ मध्ये होत्या. मग पहिली चमकणारी पूर्वावस्था मिळाली, आणि चमक फक्त गुणसूत्रांच्या टोकांवर. एस च्या अगदी शेवटच्या मिनिटांत ईडीयू पकडलेली ही पेशी: शेवटी प्रत निघणारा भाग चमकतो, बाकी गुणसूत्र काळे. दोघांनीही ती स्लाइड पुन्हा पुन्हा पाहिली. मॅडमना बोलावून दाखवली. त्या बराच वेळ डोळा काढेनात.

नंतरच्या तुकड्यांत चमकणाऱ्या विभाजनांचे प्रमाण चढत गेले, वर स्थिरावले आणि मग उतरू लागले. चढणीपर्यंतचा वेळ जी-२ चा. चढणीच्या मध्यापासून उतरणीच्या मध्यापर्यंतचा वेळ एस चा. क्वास्टलर आणि शर्मन यांनी १९५९ मध्ये उंदराच्या आतड्यातल्या पेशींवर वापरलेली हीच रीत.

१५ सप्टेंबर

दोन वाटांनी आलेले उत्तर शेजारी ठेवले. फॉयल्गेनच्या मापांतून, वयाच्या दुरुस्तीसह, एस चक्राच्या निम्म्याहून थोडी जास्त. ईडीयूच्या वक्रातूनही निम्म्याहून थोडी जास्त. जी-२ आणि विभाजन प्रत्येकी काही थोडे तास. जी-१ सर्वात आखूड निघाली.

मॅडमचा प्रश्न: विसियात हॉवर्ड-पेल्क यांना जी-१ लांब दिसली, तुमच्याकडे आखूड का? वनस्पती वेगळी आणि तापमान वेगळे, हे आहेच. शिवाय त्यांच्या सरासरीत मुळाचा किती भाग होता यावरही जी-१ ठरते, कारण विभागणे सोडू पाहणाऱ्या पेशी बहुधा तिथेच रेंगाळतात. आम्ही टोकाचाच भाग घेतला.

एका गोष्टीचा मात्र अर्थ लावायला हवा. एस लांब असण्याचे कारण कांद्याचा प्रचंड डीएनए, हे व्हान्ट हॉफ आणि स्पॅरो यांनी १९६३ मध्ये वनस्पतींत दाखवलेल्या संबंधाशी जुळते: केंद्रकात डीएनए जास्त, तर चक्राचा किमान वेळही जास्त. पण वाढ सरळ प्रमाणात नाही. अराबिडॉप्सिसच्या शंभरपटीहून अधिक डीएनए असूनही कांद्याचे चक्र शंभरपट लांबत नाही, कारण डीएनए वाढतो तशी आरंभस्थानेही वाढतात आणि काम समांतर चालते.

१८ सप्टेंबर

अहवालाच्या आकृत्या पूर्ण. फॉयल्गेनचा आलेख पहिल्या पानावर, खाली तीन केंद्रकांचे फोटो: २सी, ३सी, ४सी. तिन्हींखाली ऑर्सीनमध्ये रंगवलेल्या केंद्रकांचेही फोटो ठेवले, म्हणजे वाचणाऱ्याला फरक दिसेल.

पुढची तुकडी १५ अंशांवर वाढवायला ठेवली आहे. चक्र लांबणार हे नक्की; एस आणि जी-१ दोन्ही सारख्याच पटीत लांबतात का, ते पाहायचे आहे. ईडीयू पुरेसे उरले आहे, शिफची नवी बाटली उद्या करायची.